पाव तोळ्याची गोळी

शस्त्रांचा इतिहास लिहिणारांची दृष्टि बहुधा रणांगणावर खिळलेली असते. कोणत्या तोफेनें कोणता किल्ला पडला आणि कोणत्या बंदुकीनें कोणतें राज्य बुडालें, हें आपणांस शाळेपासून ठाऊक होतें. परंतु जिच्यामुळें राज्यें आलीं नाहींत कीं गेलीं नाहींत, जी शेतकऱ्याच्या घरांतील मेजावर, रात्रीं मुलें निजल्यावर, एका लहानशा तराजूच्या साह्यानें वाढीस लागली, अशा विद्येची बखर कोणी फारशी लिहीत नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील मेंढपाळ व शिकारी कायोटी नांवाच्या जनावरासाठीं आपलीं काडतुसें आपल्या हातांनीं भरतात. गोळी कोणती घ्यावी, आणि तिच्यामागें दारू कोणती व किती घालावी, या दोन प्रश्नांवर त्यांनीं गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत जो विचार केला, त्याची हकीगत प्रस्तुत लेखांत सांगावयाची आहे.

विषय प्रथमदर्शनीं परका, आणि कोमल मनाच्या वाचकास कांहींसा क्रूरही वाटेल. पण त्याच्या मुळाशीं एक प्रश्न आहे व तो परका नाहीं. मारण्याच्या साधनांत विवेक असूं शकतो काय? असल्यास तो कोठें वसतो, हत्यारांत कीं माणसांत? शिवाय या कथेचे दोन धागे थेट हिंदुस्थानच्या मातींतून निघाले आहेत, हेंही पुढें दिसून येईल.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा जवळचा आप्त. नांव मूळचें मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतलें. स्पॅनिश लोकांच्या तोंडून तें इंग्रजींत आलें. १८०४ सालीं लुईस व क्लार्क यांची तुकडी मिसुरी नदीनें वर निघाली, तेव्हां त्यांनीं या प्राण्यास ‘प्रेअरीचा लांडगा’ म्हटलें. पुढें १८२३ सालीं टॉमस से या प्राणिशास्त्रज्ञानें त्यास ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे भुंकणारा श्वान, असें शास्त्रीय नांव दिलें. वजनानें तो बहुधा दहा ते वीस किलोंच्या दरम्यान भरतो. दाट केसांमुळें दिसतो त्याहून अंगानें बराच बारीक असतो. उंदीर, ससे, टोळ, झाडाखालीं पडलेलीं फळें, मेलेलें ढोर, त्यास कांहींही चालतें. वसंतांत मात्र कोंकरांवर त्याची नजर जाते. लांडग्यानें कोंकरूं नेल्याचें दुःख काय असतें, हें माणदेशांतील धनगरास सांगावें लागत नाहीं. वायोमिंग व माँटॅना येथील मेंढपाळाचें दुःख तेंच.

हा प्राणी माणसास सहसा जवळ येऊं देत नाहीं. उघड्या माळावर दोनशें-तीनशें यार्डांवर तो क्षणभर थांबतो व मागें वळून पाहतो, तेवढीच काय ती संधि. त्याच्या छातींतील मर्मस्थान फार तर दोन तळहातांएवढें. म्हणून त्याच्यासाठीं निवडलेल्या गोळीकडून चार अपेक्षा असतात. ती सरळ जावी, वाटेंत फार खालीं उतरूं नये. ती लागतांच प्राणी जागच्या जागीं गतप्राण व्हावा, जखमी होऊन झुडपांत तळमळत पडूं नये. नेम चुकल्यास ती जमिनीवर आपटून तेथेंच फुटावी, उसळून शेजाऱ्याच्या गुरांकडे अथवा घराकडे जाऊं नये. आणि कातडें विकावयाचें असल्यास तें फाटूं नये. हे चारही गुण एकत्र नांदणें कठीण. एकास जपलें कीं दुसरा रुसतो. या विद्येचा सारा इतिहास म्हणजे या चौघांची समजूत घालण्याचा इतिहास होय.

प्रथम दारूचा विचार करूं. जुनी काळी दारू म्हणजे सुमारें पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगाच्या बाजारांत येणाऱ्या सोऱ्याचा मोठा हिस्सा बिहारांतून जात असे. तेथील नोनिया लोक खारी माती धुवून तो काढीत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेव्हां डेलावेअर संस्थानांतील ड्यूपाँट कारखान्याचा लॅमॉट ड्यूपाँट इंग्लंडांत जाऊन मिळेल तेवढा सोरा विकत घेऊं लागला. तो सोरा हिंदुस्थानचा होता. हा आमचा पहिला धागा.

काळ्या दारूचा मोठा दोष असा कीं, तिच्यानें गोळीस एका मर्यादेपलीकडे वेग देतां येत नाहीं. हा दोष किती मोठा, तें साध्या गणितानें समजेल. दोनशें यार्ड म्हणजे सहाशें फूट. वाटेंत गोळीचा सरासरी वेग सेकंदास बाराशें फूट धरला, तर तिला तेथें पोंचण्यास अर्धा सेकंद लागेल. आणि अर्ध्या सेकंदांत कोणतीही वस्तु सुमारें चार फूट खालीं पडते. हाच सरासरी वेग छत्तीसशें फूट झाला, तर गोळी सेकंदाच्या सहाव्या भागांत पोंचते व अवघी पांच-सव्वापांच इंच पडते. पहिल्या बंदुकीच्या धन्यानें अंतराचा अंदाज वीस-पंचवीस यार्डांनीं चुकविला, तर गोळी कायोटीच्या पोटाखालून जाईल किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पाय मोडून जाईल. दुसऱ्यास तेवढी चूक माफ आहे. वेगाची हांव केवळ दिमाखापायीं उत्पन्न झाली नाहीं. तिच्या मुळाशीं हें गणित होतें.

काळ्या दारूच्या दिवसांतही पश्चिमेकडील लोक काडतुसें घरीं भरीत. परंतु ती निवड नव्हती, गरज होती. दुकान दूर, तयार काडतूस महाग, आणि पितळेची रिकामी पुंगळी तर पुन:पुन्हां वापरतां येण्याजोगी. १८८४ सालीं कनेक्टिकटमधील जॉन बार्लो यानें ‘आयडिअल’ नांवाचें चिमट्यासारखें एक हत्यार विकण्यास आरंभ केला. जुनी टोपी काढणें, नवी बसविणें व पुंगळीच्या तोंडांत गोळी दाबणें, हीं सारीं कामें त्या एका चिमट्यानें होत; कित्येकांस गोळी ओतण्याचा साचाही जोडलेला असे. शेकोटीवर शिसें वितळवावें, साच्यांत ओतावें, मापानें दारू भरावी, कीं झालें काडतूस. दारू एकाच जातीची, फक्त दाणा बारीक कीं जाड एवढाच भेद, गोळी शिशाची. चूक करावयासही फारसा वाव नव्हता.

योगायोग असा कीं, त्याच १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हियेय या रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि चिमटा व माप यांचा तो भोळा काळ संपला. कापसापासून केलेला नायट्रोसेल्युलोज ईथर व अल्कोहोल यांत मळून, त्याचे पत्रे लाटून हे दाणे तयार होत. १८८७ सालीं आल्फ्रेड नोबेलनें त्यांत नायट्रोग्लिसरिन मिसळून दुसरा प्रकार काढला. तो अधिक जोरकस, पण त्याची आंच मोठी, म्हणून नळीस अधिक जाचक.

नव्या दारूचा खरा चमत्कार धूर गेला यांत नाहीं. तिच्या जळण्याचा वेग माणसाच्या हातीं आला यांत आहे. उसाचें पाचट व बाभळीचा ओंडका हीं दोन्ही जळणेंच. पण भाकरी करणारी बाई कोणतें केव्हां चुलींत सारावें हें नेमकें जाणते. दारूचा दाणा पृष्ठभागावरून आंत जळत जातो. दाणा पातळ असला तर तो क्षणांत संपतो. जाड असला तर दमानें जळतो. लहानशा नळीसारखा, मधोमध भोंक असलेला दाणा केला, तर बाहेरून पृष्ठभाग घटत जातो तसा आंतून वाढत जातो, आणि वायु एकसारखा निघत राहतो. वर एखादें मंदावणारें लेपन दिलें कीं आरंभींची उसळी आणखी आवरते. ड्यूपाँट कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत अशा नळीदार दाण्यांची एक मालिकाच बाजारांत आणली. प्रत्येक जात क्रमांकानें ओळखावयाची. नुसत्या डोळ्यांस पुष्कळ जाती सारख्याच दिसतात.

यांतून निवडीचा पहिला नियम निघाला. पुंगळी लहान व गोळी हलकी असेल, तर जलद जळणारी दारू घ्यावी. पुंगळी मोठी व गोळी जड असेल, तर मंद. हलकी गोळी नळींतून चटकन् पुढें पळते. तिच्यामागें मंद दारू ठेवली, तर गोळी तोंडाबाहेर पडली तरी दारू जळतच असते व जोर वायां जातो. उलटपक्षीं जड गोळीमागें जलद दारू कोंडली, तर गोळी हलण्यापूर्वींच दाब शिगेस पोंचतो, आणि मग फुटते ती गोळी नव्हे, बंदूक. काळ्या दारूच्या संवयीनें पुंगळी काठोकाठ भरणाऱ्या कित्येकांस हा धडा स्वतःच्या बंदुका गमावून शिकावा लागला. तेव्हांपासून मेजावर माप जाऊन तराजू आला. हा तराजू ग्रेनचा. आपल्या तोळ्यांत १८० ग्रेन बसतात. तेव्हां पंचेचाळीस ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर पाव तोळा. सोनार सोन्यासाठीं जितका डोळ्यांत तेल घालून बसत नसेल, तितका हा शेतकरी एक-दोन ग्रेन दारूसाठीं बसतो. कारण सोनाराचें चुकल्यास पैसा जाईल, याचें चुकल्यास डोळा.

आतां गोळीचें पाहूं. वेग वाढला तसें शिसें निकामी ठरलें. तें नळींतील आट्यांत खरवडून बसूं लागलें. १८८२ च्या सुमारास स्विस सैन्यांतील एदुआर्ड रुबिन यानें शिशावर तांब्याचें कवच चढविलें, व तोच प्रकार पुढें सर्व सैन्यांनीं उचलला. परंतु कवचाची गोळी शरीरांतून सुईसारखी आरपार जाई. वायव्य सरहद्दीवरील इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार आली कीं, या गोळ्यांनीं शत्रु थांबत नाहीं. तेव्हां कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यांत कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यानें गोळीच्या टोंकावरील कवच काढून शिसें उघडें ठेवलें. ही गोळी लागतांच पसरे व भयंकर जखम करी. ‘डमडम’ हा शब्द जगाच्या शब्दकोशांत गेला तो यामुळें. आणि १८९९ च्या हेग परिषदेनें पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत वर्ज्य ठरविल्या. हा आमचा दुसरा धागा.

येथें एक मोठा विरोधाभास आहे. माणसांविरुद्ध जी गोळी अमानुष ठरली, तीच प्राण्यांविरुद्ध सौम्य ठरली. कारण दोहोंकडील हेतु निराळे. युद्धांत शत्रूस निकामी करणें पुरे. तो पुढें बरा झाला तर त्यांत कोणाचें नुकसान नाहीं. शिकारींत जखमी जनावर सुटणें हाच सर्वांत मोठा अपराध. त्याला इस्पितळ नाहीं, शुश्रूषा नाहीं; तें दोन-चार दिवस कुजत मरतें. म्हणून जी उघडते व एका क्षणांत प्राण घेते, तीच गोळी दयेची. हत्यार तेंच, पण हेतु बदलला कीं त्याचा न्यायही बदलतो.

ही तयारी झाल्यावर कायोटीच्या रायफलीचा खरा जन्म १९२० नंतरच्या दशकांत झाला, आणि तो कोणा कारखानदाराच्या योजनेनें नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराशीं संबंध असलेले कांहीं हौशी अधिकारी, त्यांत टाउनसेंड व्हेलन व वॉटकिन्स हीं नांवें प्रमुख, यांनीं काळ्या दारूच्या दिवसांतील एक विस्मृत बावीस-बोरी काडतूस घेतलें, त्यांत बिनधुराची दारू व कवचाची हलकी गोळी घातली, आणि ‘हॉर्नेट’ म्हणजे गांधीलमाशी तयार झाली. पाव तोळ्याची गोळी सेकंदास सुमारें चोवीसशें फूट वेगानें सुटूं लागली. १९३० सालीं विंचेस्टर कंपनीनें हीं काडतुसें विक्रीस काढलीं. तीं घालण्याजोगी कारखान्यांत बनलेली रायफल तोंपर्यंत बाजारांत आलेलीही नव्हती! टेक्सासमधील आयोवा पार्क या लहान गांवीं सिस्क नांवाचा गृहस्थ अशा काडतुसांसाठीं नाना तऱ्हेच्या गोळ्या करून विकूं लागला. मेजावरचा शेतकरी कारखान्याच्या पुढें गेला, याचें हें पहिलें ठळक उदाहरण.

यशामागोमाग मद आला. १९३५ सालीं विंचेस्टरनें ‘२२० स्विफ्ट’ काढली. अठ्ठेचाळीस ग्रेनची गोळी, आणि वेग सेकंदास ४११० फूट. असा वेग तयार काडतुसांत पूर्वीं कोणी पाहिला नव्हता. उघड्या माळावरील शिकाऱ्यांस वाटलें कीं आतां अंतर हा प्रश्नच उरला नाहीं. परंतु वेगानें आपला हिशेब मागितला. प्रचंड आंचेनें नळीचा कंठ झिजूं लागला. हॉर्नेटच्या मंद वेगासाठीं केलेली पातळ कवचाची गोळी स्विफ्टमधून सोडली, तर ती कायोटीच्या कातड्यावरच फुटून उथळ जखम करी, किंवा लक्ष्यापर्यंत न पोंचतां वाटेंतच तिचे तुकडे होत. चौदा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळींतून ४११० फुटांच्या वेगानें निघालेली गोळी मिनिटास दोन लाखांहून अधिक गिरक्या घेते. त्या गिरकीस पातळ कवच कोठून टिकावें?

यांतून दुसरा नियम निघाला. गोळीची निवड तिच्या वजनावरून नव्हे, तर ती ज्या वेगानें लागणार आहे त्या वेगावरून करावी. प्रत्येक गोळीस एक खालची व एक वरची मर्यादा असते. खालच्या मर्यादेखालीं ती उघडत नाहीं, वरच्या मर्यादेवर ती टिकत नाहीं. जवळ लागली तर फार फुटते आणि दूर लागली तर मुळींच फुटत नाहीं, अशी गोळी घेऊन माळावर जाणें म्हणजे निम्मी शिकार दैवावर सोडणें.

शहाण्या लोकांनीं मध्यममार्ग काढला. १९१५ सालीं चार्ल्स न्यूटन यानें सॅव्हेज कंपनीसाठीं रचलेल्या २५० सॅव्हेजची पुंगळी घेऊन, तिचें तोंड बावीस-बोरी गोळीपुरतें आवळून, गेबी, बुशनेल स्मिथ व इतर कांहीं मंडळींनीं १९३० नंतरच्या दशकांत ‘व्हारमिंटर’ नांवाचें काडतूस रचलें. ‘व्हारमिंट’ म्हणजे ग्रामीण इंग्रजींत उपद्रवी जनावर. कोणत्याही कारखान्यानें मान्य न केलेल्या अशा काडतुसांस तिकडे ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, म्हणतात. हें रानमांजर स्विफ्टहून वेगानें किंचित कमी, पण वेगवेगळ्या दारू व गोळ्या यांशीं जुळवून घेणारें. तीस वर्षें तें केवळ हातांनीं भरणाऱ्यांच्या जिव्हाळ्यावर जगलें. १९६५ सालीं रेमिंग्टन कंपनीनें त्यास ‘२२-२५० रेमिंग्टन’ म्हणून पंगतींत घेतलें.

दरम्यान दुसरें महायुद्ध आलें. तांबें, शिसें, दारू, सारें रणाकडे वळलें व मेज ओस पडलें. अशा टंचाईंत युक्ति सुचते. नेमबाजीच्या मैदानावर लहान बावीस-बोरी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा खच पडलेला असे. त्या वेंचाव्या, स्वच्छ कराव्या, तापवून मऊ कराव्या, कडा सपाट कराव्या, आंत शिशाचा तुकडा घालावा, आणि साच्यांत दाबून गोळी करावी! व्हर्नन स्पीअर व जॉइस हॉर्नेडी यांनीं या उद्योगास आरंभीं एकत्र हात घातला. पुढें स्पीअर आयडाहोंतील लुइस्टन येथें गेला, आणि हॉर्नेडीनें १९४९ सालीं नेब्रास्कांतील ग्रँड आयलंड येथें स्वतंत्र कारखाना थाटला. कॅलिफोर्नियांत फ्रेड हंटिंग्टन यानें १९४३ सालीं अशाच गोळ्यांचे साचे करून विकावयास आरंभ केला. दुसऱ्यानें फेंकलेली पुंगळी या गोळीचें कवच होई. तें फार पातळ, म्हणून अतिवेगास टिकत नसे, पण मध्यम वेगांत सुंदर उघडे. दारिद्र्यानें मर्यादा घातली, आणि त्या मर्यादेंत काम चोख झालें.

युद्ध संपल्यावर चित्र उलटलें. सरकारी कोठारांत सैनिकी दारूचे डोंगर पडले होते. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन या गृहस्थानें ती शिल्लक दारू विकत घेऊन देशभर अल्प किंमतींत विकण्यास आरंभ केला. तींत ४८९५ क्रमांकाची दारू होती. सैन्याच्या तीस-बोरी रायफलीसाठीं ती केलेली. ती आतां बावीस-बोरी मोठ्या पुंगळ्यांत घालून लोक कायोटीवर नेम धरूं लागले. सैनिकी दारूची प्रत्येक घाण थोडी निराळी. फिलिप शार्प याचा हातभरणीवरील मोठा ग्रंथ १९३७ सालींच प्रसिद्ध झाला होता. तरी हातांतील डब्याचा स्वभाव ग्रंथ सांगूं शकत नाहीं. म्हणून तिसरा नियम रूढ झाला, व तो आजही या विद्येचा आत्मा मानला जातो. छापील कोष्टकांतील सर्वांत कमी मापापासून आरंभ करावा. थोडें थोडें वाढवीत जावें. प्रत्येक टप्प्यावर टोपी चपटली काय, पुंगळी अडकते काय, पितळेवर चकाकी उमटते काय, हें पाहावें. बंदूक तक्रार करूं लागण्यापूर्वींच थांबावें. आणि टोपी, पुंगळी, गोळी किंवा दारूचा डबा यांपैकीं एक जरी बदललें, तर पुन्हां आरंभापासून सुरुवात करावी. सर्वांत मोठा भार सर्वांत चांगला असतोच असें नाहीं. बहुधा त्याच्या जरा खालीं एका जागीं गोळ्या एकमेकींस चिकटून पडूं लागतात. ती जागा शोधणें हीच साधना.

या साधनेस १९५० सालीं मोठें बळ मिळालें. रेमिंग्टनच्या माइक वॉकर यानें ‘२२२ रेमिंग्टन’ हें लहान, आटोपशीर काडतूस काढलें. स्विफ्टच्या मानानें त्याचा वेग कितीतरी कमी. पण अचूकता अशी कीं, मेजावर रायफल टेकून स्पर्धा करणाऱ्या नेमबाजांनीं तें डोक्यावर घेतलें. आवाज कमी, धक्का कमी, दारू कमी, नळीचें आयुष्य मोठें. त्याचेंच किंचित वाढविलेलें भावंड १९६४ च्या सुमारास २२३ रेमिंग्टन म्हणून बाजारांत आलें व आज तें घरोघर पोंचलें आहे. ज्यांस माळावरच्या वाऱ्याचा जाच होई, ते १९५५ सालीं निघालेल्या २४३ विंचेस्टरच्या थोड्या जड गोळीकडे वळले. कारण वाऱ्याशीं झुंज हलक्या गोळीनें जिंकतां येत नाहीं.

चौथी अपेक्षा कातड्याची. १९७० नंतरच्या दशकांत लांब केसांच्या कातड्यांस चांगला भाव आला, आणि गोळीकडे पाहण्याची दृष्टि पुन्हां बदलली. मेंढपाळास कायोटी मेला एवढें पुरे. कातडेवाल्यास तो टांका न घालतां विकण्याजोगा हवा. त्याच्यापुढें दोन वाटा होत्या. कठीण गोळी घ्यावी, म्हणजे ती आरपार जाऊन लहान भोंकें पाडील. पण मग प्राणी धांवत जाऊन मरण्याचा संभव. किंवा अत्यंत नाजुक गोळी घ्यावी, म्हणजे ती आंत शिरून तेथेंच चूर होईल व पलीकडे निघणारच नाहीं. पण मग ती खांद्याच्या हाडावर लागतां कामा नये. १९७१ सालीं निघालेल्या १७ रेमिंग्टनमधील पंचवीस ग्रेनची, म्हणजे दोन मासेही नव्हे अशी, गोळी दुसऱ्या वाटेची. १९८४ सालीं नॉसलर कारखान्यानें प्लॅस्टिकचें अणकुचीदार टोंक बसविलेली गोळी आणली. तें टोंक हवा कापतें, आणि लागतांच मागें दाबलें जाऊन पाचरीसारखें कवच उलगडतें. अशा गोळीमुळें दूरवर वेग टिकणें व लागतांच उघडणें या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशीं एकत्र आल्या.

अलीकडे पांचवी अपेक्षा पुढें आली आहे. शिशाचे कण राहिलेलें प्रेत गरुड व गिधाडें खातात, आणि विषबाधेनें मरतात. कॅलिफोर्नियानें १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारींत शिशाच्या गोळ्यांवर बंदी अमलांत आणली. तांबें शिशाहून हलकें. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर राहावी तर नळीचे आटे अधिक वळणाचे हवेत, हें सूत्र ग्रीनहिल नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें १८७९ सालींच सांगून ठेविलें होतें. जुन्या चौदा इंची वळणाच्या नळ्या लांब तांब्याच्या गोळ्या कित्येकदां नीट फेंकीत नाहींत. मेजावरचा म्हातारा पुन्हां वही उघडून पहिल्या पानापासून आरंभ करतो.

येथें वाचक विचारील कीं, एवढ्या खटाटोपाचें फळ काय? कायोटी कमी झाले काय? इतिहासाचें उत्तर स्पष्ट आहे: नाहीं. एकोणिसाव्या शतकांत लोकांनीं मेलेल्या ढोरांत कुचल्याचें सत्त्व घालून माळावर टाकलें. १९१५ पासून अमेरिकन सरकारनें श्वापदांच्या नाशासाठीं पैसा मंजूर केला, १९३१ सालीं त्यासाठीं कायदा केला, व दुसऱ्या महायुद्धानंतर ‘१०८०’ नांवाचें जहाल विष आलें. लांडगा बहुतेक देशांतून नाहींसा झाला. पण कायोटी त्याच्या रिकाम्या जागेंत पसरला. एके काळीं पश्चिमेच्या माळांपुरता असलेला हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक संस्थानांत, न्यूयॉर्क शहराच्या बागेंतही, दिसतो, व दक्षिणेस पनामापर्यंत पोंचला आहे. ॲडॉल्फ म्युरी यानें यलोस्टोनमधील कायोटींचा अभ्यास करून १९४० सालीं दाखवून दिलें कीं, त्यांच्या आहाराचा मोठा भाग लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांचा असतो. विषानें मात्र कुत्रे मेले, गरुड मेले, कोंकरास कधीं न शिवलेले कोल्हे मेले. १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं सरकारी जमिनींवर अशा विषांस बंदी घातली. तो हुकूम १९८२ सालीं रद्द झाला, तरी विषाविषयींची शंका लोकांच्या मनांतून गेली नाहीं.

या तुलनेंतच आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आहे. विष निवड करीत नाहीं. जो येईल तो मरतो, आणि टाकणारा तेव्हां घरीं निजलेला असतो. गोळी एकच असते. ती एकासाठीं भरलेली असते. ती सोडणारास त्या एकाकडे पाहावें लागतें. ज्यानें हिवाळ्यांत महिनाभर बसून शंभर पुंगळ्या निवडल्या, दारूचा कण कण तोलला, आपली गोळी किती अंतरापर्यंत नीट उघडते याची वहींत नोंद ठेविली, त्यास आपली मर्यादाही ठाऊक असते. तिच्यापलीकडे उभा असलेला कायोटी तो सोडून देतो. केवळ वेगाची बढाई मारणारे, कारखान्याच्या जाहिरातीवर विसंबून पांचशें यार्डांवर गोळ्या झाडणारे लोक तिकडेही पुष्कळ आहेत, व त्यांच्या पायीं जखमी जनावरें झुडपांत मरतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तो दोष विद्येचा नव्हे. विद्येच्या अभावाचा आहे.

कोंकरें राखण्याचा हक्क मेंढपाळास आहे कीं नाहीं, कायोटीस माळावर जगण्याचा हक्क किती, हे वाद तिकडे अजून मिटलेले नाहींत आणि एका लेखानें ते मिटणारही नाहींत. आपल्याकडे धनगर व लांडगा यांचा वाद तरी कोठें मिटला आहे? आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, मारण्याची वेळ ज्याच्यावर येते त्यानें मारण्याची पूर्ण जबाबदारी आपल्या हातांत घ्यावी. ती जबाबदारी तराजूवर तोलतां येते, असें त्या मेजांवर बसणाऱ्या माणसांस अनुभवानें कळलें. बिहारच्या मातींतून गेलेला सोरा आतां त्या तराजूंत पडत नाहीं, आणि डमडमची गोळी विसरली गेली. हिवाळ्याच्या रात्रीं वायोमिंगमध्यें एखाद्या खिडकींत दिवा मात्र अजून जळतो. तराजूचें पारडें हलतें, स्थिर होतें. बोटानें एक दाणा काढला जातो, आणि पाव तोळ्याची गोळी हलकेंच पुंगळीच्या तोंडावर ठेविली जाते.